कात्री आणि दिराचे ‘अवशेष’

वाद्यवृंदात तिला सगळे कात्री म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. ज्या माणसाला निदान एक टोपणनाव मिळत नाही, त्याच्याकडे कोणी नीट पाहिलेलंच नसतं, असं ती म्हणे.

ती व्हायोला वाजवायची. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची अंगानं भरलेली, आवाजानं जाड झालेली थोरली बहीण. लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत एक काकू असतात ना, ज्यांचं अर्धं तोंड कुणाच्या तरी खांद्याआड गेलेलं असतं पण सगळं कार्य त्यांनीच रेटलेलं असतं, तसं ते वाद्य. आणि त्या वाद्यातही कात्रीची जागा शेवटच्या रांगेत, खांबाला लागून. तिथं बसून तिला पंचवीस वर्षं उलटली होती. तिथून तिला सगळ्यांच्या पाठी दिसत. माणसाचं तोंड खोटं बोलतं, पाठ बोलत नाही, हा तिचा सिद्धांत. मुख्य व्हायोलिनवाल्याचे खांदे वर चढलेले दिसले की ती शेजारणीला पुटपुटे, ‘‘आज हा घरून काही वाजवून आलेला नाही.’’ शेजारीण कायम जांभया देत असे, म्हणून तिला जांभई म्हणत. ती जांभई देऊनच होकार भरे.

कंडक्टरवर तर तिचा विशेष लोभ. ‘‘कंडक्टर म्हटलं की लोकांना बस आठवते,’’ ती म्हणायची. ‘‘आपल्याला निदान बसचा तरी मिळायला हवा होता. त्याला पुढचा थांबा कुठला ते माहीत असतं.’’

तिची जीभ स्वतःलाही सोडत नसे. तरुणपणी एकटीनं मंचावर उभं राहून वाजवायची स्वप्नं तिनंही पाहिली होती. शाळेत गाणं शिकवणाऱ्या वडिलांनी तिच्यासाठी जिवाचं रान केलं होतं. पण परीक्षक म्हणाले, हात गोड आहे, आतली आग नाही. ‘‘आग होती,’’ कात्री सांगायची, ‘‘पण सगळी जिभेत गेली. हातापर्यंत पोचलीच नाही.’’ हे ती हसत सांगे, आणि ऐकणारा हसला की त्याच्याकडे अशी बघे की त्याचं हसू ओठांवरच वाळे.

अशा बाईच्या सासरी संगीतकार दीर असावा, हा नशिबाचा खोडसाळपणाच.

ती लग्न होऊन आली तेव्हा धाकटा दीर अकरा वर्षांचा होता आणि सासूबाईंच्या मते तेव्हाच अलौकिक होता. तो पातेल्यावर चमचा आपटायचा, तर सासूबाई म्हणायच्या, ‘‘बघितलंस, काय ताल आहे!’’ त्याला स्वरलिपी वाचायला कात्रीनंच शिकवलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भाजी निवडता निवडता. पण ते घरात कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. पुढे तो परदेशी संगीतरचना शिकायला गेला आणि परत आला तो गळ्याभोवती मफलर, हनुवटीवर चार केस आणि बोलण्यात ‘अवकाश’ हा शब्द घेऊन. घरात पसारा दिसला तरी म्हणायचा, ‘‘या अवकाशात एक ताण आहे.’’ कात्रीचा नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर तोंड उघडून गप्प बसलेल्या माणसांत राहिल्यामुळे त्याला बोलण्याची सवयच उरली नव्हती. तो मान डोलावून पसारा आवरायचा.

तर या धाकट्याला वाद्यवृंदाच्या कमिटीनं नवीन रचना लिहायला सांगितली. कमिटीचा अध्यक्ष फरश्यांचा कारखानदार. त्याला संगीतातलं इतकंच कळायचं की सभागृहाची फरशी त्याच्या कारखान्यातली आहे. त्यानं कुठंतरी वाचलं होतं की मोठ्या शहरांतले वाद्यवृंद एक नवं आणि एक जुनं असं जोडीनं वाजवतात. झालं, ठरलं. रविवारी दुपारचा कार्यक्रम, नाव ‘काल आणि आज’. आधी ‘आज’, म्हणजे दिराची रचना. मध्यंतरानंतर ‘काल’, म्हणजे सव्वादोनशे वर्षांपूर्वीची एक सिंफनी, जी वाद्यवृंदातल्या प्रत्येकानं इतक्यांदा वाजवली होती की आता ती कुणी ऐकतच नव्हतं.

दिराच्या रचनेचं नाव ‘अवशेष – क्रमांक चार’.

‘‘पहिले तीन कुठे गेले?’’ जांभईनं विचारलं.

‘‘पहिले तीन ऐकून जे उरले, त्यांच्यासाठी हा चौथा,’’ कात्री म्हणाली.

छापील कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं, ‘या रचनेत ध्वनी स्वतःच्या अनुपस्थितीची चौकशी करतो.’ कात्रीनं ते वाक्य पहिल्या तालमीच्या चहाच्या वेळी मोठ्यांदा वाचून दाखवलं आणि तुताऱ्यांच्या रांगेतल्या एकाला ठसका लागला. तुतारीवाल्यांना या रचनेत स्वर नव्हतेच. त्यांनी नळीतून नुसती फुंकर घालायची होती. व्हायोलिनवाल्यांनी गज उलटा धरून त्याच्या लाकडानं तारांवर टकटक करायची. ढोलवाल्यानं लोखंडी साखळी हळूहळू पाण्याच्या बादलीत सोडायची आणि मग त्याहून हळू वर काढायची. मधोमध जवळजवळ पाऊण मिनिटाची शांतता, सगळ्यांनी वाद्यं उचलून धरलेली, वाजवायच्या बेतात, पण वाजवायचं नाही.

‘‘पगार तोच ना?’’ जांभईनं विचारलं.

त्या शांततेनंतर मात्र एक जागा होती. बाकी सगळे गप्प, खाली एकच लांब खर्जाचा सूर, आणि त्यावर एकट्या व्हायोलांची ओळ. पानभरच. चढायला बघणारी, दर वेळी एका पायरीवर अडखळून परत खाली येणारी. पहिल्या तालमीत ती वाजवताना कात्री काहीच बोलली नाही. जांभईनं आश्चर्यानं तिच्याकडे पाहिलं. ‘‘काय बघतेस?’’ कात्री म्हणाली. ‘‘चुकून बरं लिहिलं गेलं असेल. बंद घड्याळसुद्धा दिवसातून दोनदा...’’ आणि वाक्य अर्धवट सोडून ती गजाला राळ घासत बसली.

कंडक्टरनं तालमीचा सगळा वेळ साखळी आणि बादलीत घालवला. बादली प्लास्टिकची की पत्र्याची, यावर एक अख्खी सकाळ गेली. रेडिओवाले रेकॉर्डिंगला येणार होते, तेव्हा नव्या रचनेच्या बाजूनं आपण किती निष्ठेनं उभे आहोत हे त्याला दाखवायचं होतं. सिंफनीची पाळी आली की तो घड्याळ बघून म्हणे, ‘‘हे काय, सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय.’’ आणि वह्या मिटत.

‘‘अंगवळणी पडलंय म्हणूनच कुबड आलंय,’’ कात्री खांबाला सांगायची.

सुट्टीच्या दिवशी सासूबाईंकडे जेवायला सगळे जमले. धाकटा ताटात नुसती बोटं फिरवत होता.

‘‘काय गं,’’ सासूबाईंनी विचारलं, ‘‘तू तर रोज वाजवतेस. कसं झालंय आमच्या सोन्याचं?’’

सगळ्यांची तोंडं तिच्याकडे वळली. धाकट्यानंही मान वर केली. आणि जिची जीभ कंडक्टरला, फरशीवाल्याला, मेलेल्या संगीतकारांनाही सोडत नव्हती, ती कात्री म्हणाली, ‘‘छान झालंय.’’

‘‘छान म्हणजे?’’ धाकट्यानं विचारलं.

‘‘छान म्हणजे छान. जेव आता.’’

घरी परतताना नवरा म्हणाला, ‘‘तू त्याला कधीच काही बोलत नाहीस.’’

‘‘बोलून काय करू? तुझी आई मला घराबाहेर काढेल.’’

नवरा हसला, पण गाडी चालवताना दोनदा तिच्याकडे बघितलं त्यानं. तिला ते आवडलं नाही.

रविवार उजाडला. दुपारी सभागृह भरलं, निदान पुढच्या रांगा तरी. तिथं फरशीवाला, त्याची बायको, तिच्या मैत्रिणी आणि त्यांचे नवरे. सगळे इस्त्रीचे आणि अत्तराचे. तिसऱ्या रांगेत कडेला धाकटा, त्याच्या एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला कात्रीचा नवरा. सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून त्या मंचाकडे अशा बघत होत्या, जणू आता निकाल लागणार.

टकटक सुरू झाली. फुंकर आली. साखळी पाण्यात उतरली. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं रुमाल तोंडाला लावला. शेजारच्या गृहस्थांनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. कात्रीला खांबाजवळून सगळं दिसत होतं. ती मनात म्हणाली, हसा, तुमचं काही चुकत नाही.

मग ती शांतता आली. सगळ्यांनी गज तारांच्या वर धरून ठेवले. सभागृहात खुर्ची करकरली, कुणी खोकलं. आणि पुढच्या रांगेतून फुस्सकन हसू फुटलं. एकाचं दुसऱ्याला लागलं. फरशीवाला स्वतः नाक दाबून हसत होता. कुणीतरी म्हणालं, ‘‘संपलं वाटतं. टाळ्या वाजवा.’’ दोनचार टाळ्या पडल्या आणि त्यावर आणखी हशा.

इथपर्यंतही कात्रीनं सहन केलं असतं. पण कंडक्टरनं एक गोष्ट केली. त्यानं मान थोडी वळवली आणि पुढच्या रांगेकडे बघून हसला. लहानसंच, एका गालात. म्हणजे, मी तुमच्यातलाच आहे हो, काय करणार, वाजवावं लागतं. महिनाभर बादलीसाठी जीव टाकणारा हा माणूस.

कात्रीनं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. धाकट्याची मान खाली गेली होती. हनुवटी मफलरमध्ये रुतली होती. अकराव्या वर्षी स्वर चुकला की तो अशीच मान खाली घालायचा, टेबलावरच्या भाजीच्या देठांकडे बघत. आणि सासूबाई? त्यांना त्या शांततेतलं ओ की ठो कळलं नव्हतं. पण त्या हसणाऱ्यांकडे वळून वळून पाहत होत्या, एकेकाचं तोंड लक्षात ठेवत असल्यासारख्या.

कात्रीच्या डोक्यात तिडीक गेली. या दिराला हसायचं तर ते तिनं हसायचं. तिनं महिनाभर त्याचं वाजवलं होतं, बोटं सोलून घेतली होती, त्याला सा कुठला ते दाखवलं होतं. हे कोण? ज्यांना शांतता आणि मध्यंतर यातला फरक कळत नाही, ते हसणार?

कंडक्टरनं शांतता अर्ध्यात आवरली आणि घाईघाईनं खर्जाचा सूर दिला. व्हायोलांची ओळ सुरू व्हायची होती. तो हातानं जोरजोरात पुढे रेटत होता, एकदाचं संपवू या म्हणून. कात्रीनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिनं गज लावला आणि ओळ ज्या चालीनं लिहिली होती त्याच चालीनं वाजवायला घेतली. मागच्या रांगेतून वाद्यवृंद चालवायचा नसतो, हे तिला शिकवण्याची गरज नव्हती. पण तिनं असं दाबून वाजवलं की शेजारच्या जांभईला तिच्याबरोबर जाण्यावाचून इलाज उरला नाही. जांभई गेली तशी पुढची जोडी गेली, मग सगळी रांग. कंडक्टरचा हात एकीकडे आणि व्हायोला दुसरीकडे. तालाची तीन-चार मापं तो हवेत झाडू मारत राहिला, आणि मग निमूटपणे त्यांच्यामागून आला.

ओळ चढली, अडखळली, खाली आली. पुन्हा चढली. हसणं थांबलं होतं. त्यांना आवडलं म्हणून थांबलं, असं समजण्याइतकी कात्री भोळी नव्हती. मंचावर कुणीतरी रागावलंय एवढं त्यांना जाणवलं असावं. कुत्र्यालाही जाणवतं. पण तिला स्वतःला त्या पानभरात एक गोष्ट कळली, जी तालमीत कळूनही तिनं बाजूला सारली होती: ही ओळ खरी होती. तिच्या अलीकडचं आणि पलीकडचं सगळं वेषांतर होतं. बादली, साखळी, फुंकर, सगळं त्या एका पानाला लपवायला.

शेवटी टाळ्या पडल्या. पाहुणा गेल्यावर दार लावावं तशा, रीत म्हणून.

मध्यंतरात फरशीवाला मंचामागे आला. हातात सरबताचा पेला. ‘‘तुमच्या दिराचं आम्हाला काही झेपलं नाही बुवा,’’ तो तिला म्हणाला. ‘‘आमचीच कमतरता असेल.’’

‘‘असेल नाही, आहे,’’ कात्री म्हणाली. ‘‘पण काळजी करू नका. आता पुढचं ओळखीचं आहे. डोकं हलवायला सोपं जाईल.’’

तो हसला. त्याला ती गंमत वाटली. अशा माणसांचं हेच असतं, ती जांभईला म्हणाली, चिमटा काढला तरी त्यांना मालिश वाटतं.

मग ‘काल’ वाजला. महिनाभर कुणी त्या सिंफनीला हात लावला नव्हता आणि ते दर पानाला दिसत होतं. दुसऱ्या भागात हॉर्नचा सूर फाटला, तिसऱ्यात मागचे पुढच्यांच्या आधी पोचले, शेवटच्या भागात कंडक्टरनं असा वेग घेतला की व्हायोलिनवाले निम्मे सूर गिळून धावत सुटले. कात्रीचा जीव तुटत होता. ही सिंफनी तिच्या वडिलांची आवडती. तिच्यात हसू होतं, खट्याळपणा होता, कुठंकुठं एकदम दाटून येणारा ढग होता. त्यातलं काहीच आज वाजलं नाही. जुन्या घरातली भांडी पुसून मांडावीत तशी ती नुसती मांडली गेली. आणि पुढच्या रांगा डोलत होत्या. मघाची रुमालवाली बाई डोळे मिटून बोटांनी ताल धरत होती, तोही चुकीचा. संपलं तेव्हा सगळे उठून उभे राहिले. कंडक्टर छातीवर हात ठेवून वाकला, पुन्हा वाकला.

‘‘आता मुजरा कर,’’ कात्री पुटपुटली.

संध्याकाळी सगळे सासूबाईंकडे जमले. कुणाला भूक नव्हती. धाकटा खिडकीशी पाठ करून उभा होता.

‘‘मला तर ती पाण्यातली साखळी फार आवडली,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘विहिरीची आठवण झाली. आणि त्या मेल्यांना हसायला काय झालं? घरी दात घासून येत नाहीत का?’’

दाताचं नाव निघाल्यावर नवऱ्यानं उगाच मान डोलावली.

धाकटा वळला. ‘‘वहिनी, तू ते कंडक्टरच्या विरुद्ध का वाजवलंस?’’

‘‘तो चुकत होता म्हणून.’’

‘‘एवढंच?’’

कात्रीनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. ‘‘नाही, एवढंच नाही. तुझी रचना वाईट आहे.’’

सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं!’’

‘‘थांबा हो आई, महिनाभर पोटात आहे. वाईट आहे म्हणजे खोटी आहे. साखळी खोटी, फुंकर खोटी, ती टकटक तर शुद्ध नाटक. तुला भीती वाटते. साधं काही लिहिलं तर लोक म्हणतील, एवढं शिकून हेच का? म्हणून तू बादली पुढे करतोस. पण आमची ती ओळ आहे ना, शांततेनंतरची, ती तू लिहिली आहेस. बाकीचं तुझ्या मफलरनं लिहिलंय.’’

धाकट्यानं मफलर ओढून खुर्चीवर टाकला. ‘‘मग इतके दिवस छान छान का म्हणत होतीस?’’

‘‘भ्याले म्हणून. या घरात तुला कुणी वाईट म्हटलंय का कधी? मी पहिली ठरले असते.’’

‘‘आज नाही का भ्यालीस?’’

‘‘आज तुला परके हसले. त्यांच्यापेक्षा मी बरी.’’

तो मफलर उचलून निघून गेला. सासूबाई कप उचलून आत गेल्या. घरी जाताना नवरा म्हणाला, ‘‘दात काढायचा तर आधी सुन्न करावं लागतं गं.’’

‘‘सुन्न तर तुम्ही सगळ्यांनी त्याला लहानपणापासूनच केलं होतंत,’’ ती म्हणाली. पण घरी गेल्यावर बराच वेळ ती व्हायोलाची पेटी न उघडता तिच्यासमोर बसून राहिली.

धाकटा तो अख्खा हिवाळा बोलला नाही. सुट्टीच्या जेवणांना काही ना काही कारण काढी. सासूबाई सुनेच्या ताटात वाढताना डाव जरा जोरात आपटत. वर्तमानपत्रात कार्यक्रमाचं परीक्षण आलं, त्यात सिंफनीला ‘अविस्मरणीय’ म्हटलं होतं आणि ‘अवशेष’ला ‘धाडसी’. ‘‘धाडसी म्हणजे, लिहिणारा झोपला होता पण त्याला तसं म्हणायचं नाही,’’ कात्री जांभईला म्हणाली. कंडक्टरनं तिला बोलावून सांगितलं की मागच्या रांगेनं शिस्त पाळावी. तिनं विचारलं, ‘‘कुणाची?’’ तो वह्या चाळायला लागला, आणि तो विषय तिथंच मेला.

थंडी ओसरायला लागली तेव्हा एका दुपारी दाराची बेल वाजली. धाकटा उभा होता, मफलरशिवाय. बगलेत कागद.

‘‘चार जणांसाठी आहे,’’ तो म्हणाला. ‘‘दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो. ती ओळ घेतलीये, पुढे वाढवलीये. बघशील का?’’

‘‘बादली आहे?’’

‘‘नाही.’’

‘‘मग ये.’’

तिनं वाचलं आणि पेन्सिलीनं खोडायला सुरुवात केली. तो भांडला. तीही भांडली. दोनदा तो उठून दारापर्यंत गेला आणि परत आला. असं कित्येक आठवडे चाललं. अखेर अकरा मिनिटांची रचना साडेसहा मिनिटांवर आली आणि वाद्यवृंदातल्या चौघांनी, कात्री आणि आणखी तिघांनी, ती एका शाळेच्या हॉलमध्ये वाजवली. ऐकायला जेमतेम तीस माणसं, त्यातली निम्मी नात्यातली. फरशी साधी सिमेंटची होती. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या आणि शेवटी डोळे पुसत म्हणाल्या, ‘‘मला काही कळलं नाही, पण रडू आलं.’’ कात्रीला सासूबाईंचं आयुष्यात पहिल्यांदा एखादं मत पटलं.

धाकटा घामाघूम होऊन तिच्याजवळ आला. लोक त्याचे हात हातात घेत होते. ‘अवकाश’ हा शब्द त्याच्या तोंडून एकदाही निघाला नाही.

‘‘कसं झालं?’’ त्यानं हळूच विचारलं.

कात्रीनं गज सैल केला, तो पुसला आणि पेटीत ठेवला.

‘‘शेवट अजून खोटा आहे,’’ ती म्हणाली. ‘‘आम्ही चौघंही तिथं काहीतरी संपल्यासारखं करतो, आणि संपलेलं तर काहीच नसतं. उद्या ये. सकाळी. दुपारी मी झोपते.’’